नऊ तासांची बस

परदेशी ग्रुप न्यायचा म्हटलं की बसबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किलोमीटरला काय पडतं?" वऱ्हाडाची बस असो, अष्टविनायकाची असो की शाळेच्या सहलीची, आपल्याकडे दिवसाला अमुक किलोमीटर धरून भाव ठरतो, वर टोल-पार्किंग आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरचा भत्ता. त्यामुळे युरोपातल्या बसमालकाचं कोटेशन हातात आलं की नवखा सहल-आयोजकही किलोमीटरचाच आकडा शोधतो. तो आकडा तिथे असतोही. पण तिकडे आपण खरं म्हणजे एका माणसाचे जागेपणीचे तास भाड्याने घेत असतो, हे कळायला एखादा दौरा रस्त्यावर चालवून बघावा लागतो.

मी बरीच वर्षं महाराष्ट्रातले ग्रुप घेऊन युरोपात जाते, आधी दुसऱ्यांच्या कंपनीसाठी आणि आता स्वतःच्या. माणसं चाळीस-पंचेचाळीस, बस ४९ किंवा ५३ सीटची, ड्रायव्हर बहुतेक वेळा पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया नाहीतर क्रोएशियाचा. बसही तिकडचीच, कारण पश्चिमेकडच्या बसपेक्षा ती स्वस्त पडते. आपलं विमान पॅरिसला उतरतं तेव्हा ती बस शेकडो किलोमीटर रिकामी चालून आलेली असते आणि रोमच्या विमानतळावर आपल्याला सोडून रिकामीच परत जाते. ते रिकामे किलोमीटर आपल्याच बिलात येतात. म्हणून दौरा कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे विमानाच्या तिकिटाएवढंच बसच्या गावावरही अवलंबून असतं. शिवाय टोल, बोगदे, शहरात शिरण्याची फी, पार्किंग वेगळं. जर्मनी-ऑस्ट्रियासारखे देश आपल्या हद्दीत बाहेरची बस जितके किलोमीटर चालेल तितक्यावर आपला कर लावतात, तोही कोटेशनमध्ये धरलाय की नाही ते बघावं लागतं.

आणि एक ओळ अशी, जी आपल्याकडच्या कोटेशनात मी कधी पाहिलेली नाही: ड्रायव्हरला ग्रुपच्याच हॉटेलात स्वतंत्र सिंगल रूम, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, खर्च ग्रुपचा. नव्याने या धंद्यात आलेली मंडळी इथे हमखास अडतात. "त्याला जवळपास स्वस्तातलं काही बघता येणार नाही का?" बघता येतं. पण रात्री आपल्याला उतरवून तो बस घेऊन दुसऱ्या हॉटेलाकडे निघाला, की तो प्रवास त्याच्या कामाच्या खात्यात जातो. सकाळी परत यायचा वेळही कामातच. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. म्हणजे त्याच्या विश्रांतीचा तास गेला आणि आपला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा सुरू झाला. रूमचे वाचलेले युरो कुठे गेले ते मग शोधावं लागतं.

हे सगळं ज्या नियमावर चालतं तो युरोपीय संघाचा २००६ सालचा, ५६१ क्रमांकाचा. तो मला आता तोंडपाठ आहे, कारण माझे सगळे कार्यक्रम त्याच्यावरून आखले जातात. ड्रायव्हरने दिवसात ९ तास गाडी चालवायची. आठवड्यातून दोनदा १० तास चालतात. आठवड्याला जास्तीत जास्त ५६ आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. साडेचार तास चालवून झाले की ४५ मिनिटं थांबायचं. रोज सलग ११ तास विश्रांती; दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधल्या काळात ती तीनदा ९ तासांवर आणता येते. याचा अर्थ, सकाळी त्याचं काम सुरू झालं की साधारणपणे १३ तासांत, फार तर १५ तासांत दिवस बंद. एरवी सहा दिवसांनंतर साप्ताहिक सुट्टी लागते, पण पर्यटकांच्या बससाठी सवलत आहे, ती बारा दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. त्यापुढे नाही. आपल्या मंडळींना आवडणारा दोन-सव्वादोन आठवड्यांचा 'संपूर्ण युरोप' एका ड्रायव्हरवर होत नाही तो यामुळे; मध्येच कुठेतरी ड्रायव्हर बदलावा लागतो.

नियम आपल्याकडेही असतात, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. फरक डॅशबोर्डमध्ये आहे. तिथे टॅकोग्राफ नावाचं यंत्र बसवलेलं असतं. सकाळी ड्रायव्हर आपलं कार्ड त्यात सरकवतो. कार्ड त्याच्या नावाचं. बस बदलली, मालक बदलला तरी तेच. यंत्रावर चार खुणा: स्टीअरिंगचं चक्र म्हणजे गाडी चालू, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे दुसरं काम, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर आहे पण हातात काम नाही, आणि पलंग म्हणजे विश्रांती. चाक हललं की पहिली खूण आपोआप लागते. बाकीच्या तो बटण दाबून लावतो. सामान डिकीत रचणं, काच पुसणं, डिझेल भरणं, हे सगळं हातोड्यात. साडेचार तास भरायला पंधरा मिनिटं राहिली की यंत्र इशारा देतं.

युरोपातल्या देशांनी ड्रायव्हरच्या तासांचा सामाईक नियम १९६९ साली केला आणि पुढच्याच वर्षी टॅकोग्राफचा. तेव्हा गोल कागदी चकती असायची, त्यावर सुई रेघ ओढायची. २००६ पासून नव्या गाड्यांत डिजिटल यंत्र आलं. आता तर नवं यंत्र गाडीने देशाची सीमा कधी ओलांडली तेही स्वतःच टिपून ठेवतं. पोलीस हमरस्त्यावर बस बाजूला घेतात तेव्हा आमची माणसं घाईघाईने पासपोर्ट काढतात. पोलीस त्यांच्याकडे बघतही नाहीत. ते ड्रायव्हरचं कार्ड मागतात. पूर्वी मागच्या २८ दिवसांचा हिशेब दाखवावा लागे, २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून ५६ दिवसांचा. म्हणजे पार महिन्यापूर्वी कुण्या दुसऱ्याच ग्रुपने त्याला जास्त पळवलं असेल तर त्याचा दंड आमच्या सहलीत भरायची वेळ येते.

या नियमात आणखी एक कलम आहे, ते मी कंपनीत नव्या येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावते. वाहतुकीचं वेळापत्रक कायद्यात बसणारं असावं, ही जबाबदारी त्यात बसमालकाबरोबर सहल-आयोजकांवरही टाकली आहे, अगदी नाव घेऊन. "आम्ही फक्त बस ठरवली होती, चालवली त्याने," असं म्हणून हात झटकायची सोय नाही.

आता पॅरिसची रात्र घ्या. आयफेल टॉवरची रोषणाई बघितल्याशिवाय कुणी पॅरिस सोडायला तयार नसतो, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या सहली जातात उन्हाळ्याच्या सुट्टीत. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. टॉवर लुकलुकतो तो अंधार पडल्यावर, दर तासाला पाच मिनिटं. म्हणजे खरी मजा अकराची. ती बघून, "कोण राहिलं, कोण राहिलं" करत माणसं मोजून, शहराबाहेरच्या हॉटेलवर पोचेपर्यंत साडेअकरा उलटतात. त्या दिवशी ड्रायव्हरने सकाळी साडेआठला सुरुवात केली असेल तर त्याचे पंधरा तास तिथेच भरले. नऊ तासांची कमीत कमी विश्रांती धरली तरी दुसऱ्या दिवशी साडेआठच्या आत बस हलत नाही. आणि दुसऱ्या दिवशी जायचं असतं स्वित्झर्लंडला. पॅरिस ते ल्युसर्न साधारण ६०० किलोमीटर. बसला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, रस्त्यात पेट्रोल पंपांवरचे थांबे, जेवण, सक्तीची ४५ मिनिटं. संध्याकाळचे सात वाजतात.

रात्री बसमध्ये मी माइकवर सांगते, उद्या साडेआठला निघायचं. मागून आवाज येतो, "ताई, सहाला निघूया ना! आम्हाला लवकर उठायची सवय आहे." दुसरे म्हणतात, "आंघोळी चारलाच उरकतो आम्ही." उत्साह खरा असतो. त्यांच्या हिशेबात फक्त ते स्वतः असतात. पुढे बसलेला माणूस बसबरोबर आलेला असतो.

यावर आम्ही काढलेला उपाय म्हणजे पॅरिसच्या रात्रीसाठी तिथलीच एक वेगळी बस तासांवर घ्यायची. आपला ड्रायव्हर संध्याकाळी सहाला मोकळा होतो आणि सकाळी सातला ताजातवाना हजर. पैसे जास्त लागतात. ग्राहकाला कार्यक्रमपत्रिकेत ही दुसरी बस दिसत नाही, त्याला दिसतो फक्त शेजारच्या कंपनीपेक्षा जास्त असलेला आमचा भाव.

फ्लोरेन्सला वेगळी युक्ती. रोजची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते, आधी सलग तीन तास आणि रात्री सलग नऊ. गाव असं की मोठ्या बसला आत शिरायला परवाना घ्यावा लागतो आणि ठरलेल्या जागी माणसं उतरवून निघून जावं लागतं. आम्ही तीन-साडेतीन तास पायी हिंडणार, तोवर ड्रायव्हर लांबच्या पार्किंगमध्ये पलंगाची खूण लावून आडवा होणार. ते तीन तास जमले की त्या दिवशी संध्याकाळ लांबवता येते आणि कमी केलेल्या विश्रांतीच्या तीन संधींपैकी एकही खर्ची पडत नाही. पण जमले तर. कारण दीड तास झाला की कुणाचा तरी चष्मा बसमध्ये राहिलेला असतो, कुणाची बीपीची गोळी. "त्याला फोन लावा ना, दोन मिनिटांचं तर काम आहे." दार उघडायला तो उठला की तीन तास मोडले, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. म्हणून फ्लोरेन्सच्या आदल्या रात्री मी माणसांना उद्या पर्समध्ये काय काय हवं याची यादी वाचून दाखवते. नवीन मंडळींना वाटतं, बाईला सगळ्यांना शाळकरी मुलांसारखं वागवायची हौस आहे.

शहरांचं हे आता सगळीकडेच होत चाललं आहे. व्हेनिसला बस ट्रोंकेतोला थांबते, पुढे बोट. रोमने २०१९ पासून पर्यटक बसना जुन्या गावात जवळजवळ बंदीच केली. अॅमस्टरडॅमने २०२४ च्या जानेवारीपासून साडेसात टनांवरच्या बस मध्यवर्ती भागाबाहेर ठेवल्या, आणि आमची भरलेली बस त्याच्या दुपटीहून जड असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे समजावणं अवघड जातं. "एवढे पैसे भरले आणि देवळाच्या दारापर्यंत बस नाही?" असं एका आजींनी मला रोममध्ये विचारलं होतं. उत्तर एकच असतं: कार्यक्रमात ठिकाणं कमी ठेवायची आणि चालायला वेळ जास्त ठेवायचा. ते भारतात असतानाच, पैसे भरायच्या आधी सांगायचं.

गॉटहार्डचा एक शनिवार माझ्या चांगला लक्षात आहे. ऑगस्ट महिना, आम्ही इटलीतून एंगेलबर्गकडे निघालो होतो. गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा १९८० साली खुला झाला, लांबी १६.९ किलोमीटर, आणि दोन्ही दिशांची वाहनं एकाच नळीतून जातात. सुट्ट्या संपवून उत्तरेकडे परतणारा अर्धा युरोप त्या शनिवारी आमच्यापुढे रांगेत होता. बस दहा मीटर हलायची आणि थांबायची. आपल्या लेखी तो थांबलेला वेळ. यंत्राच्या लेखी स्टीअरिंगचं चक्र. बोगदा पार करून आम्ही उरी भागात उतरलो तेव्हा पंधरा मिनिटांचा इशारा वाजून गेला होता. ड्रायव्हरने हमरस्त्यावरच्या विश्रामस्थळी बस आत घेतली, इंजिन बंद केलं आणि बोटांनी मला चार आणि पाच दाखवले. हॉटेल उरलं होतं पन्नासेक किलोमीटर.

बसमध्ये एकच गलका. "पन्नास किलोमीटरसाठी पाऊण तास?" "म्हणावं, हॉटेलवर पोचलास की हवा तेवढा झोप." एका काकूंना थंडी वाजत होती, शाल मोठ्या बॅगेत, बॅग डिकीत. त्या खाली उतरून त्याच्यापाशी गेल्या आणि खुणेने डिकी उघडायला सांगू लागल्या. तो नम्रपणे हसला, मान हलवली आणि पुन्हा घड्याळाकडे बोट केलं. काकू परत आल्या त्या तणतणत. "साधी डिकी उघडत नाही मेला! आपल्याकडचा ड्रायव्हर असता तर बॅग हातात आणून दिली असती."

डिकी उघडली असती तर हातोड्याची खूण लागली असती आणि पंचेचाळीस मिनिटं नव्याने सुरू झाली असती. मी काकूंना माझं जाकीट दिलं आणि सगळ्यांना विश्रामस्थळाच्या दुकानात पिटाळलं. स्वित्झर्लंडच्या दुकानात पाऊण तास कसा जातो ते सांगायला नको.

त्या ग्रुपमध्ये नगरकडचे एक गृहस्थ होते. त्यांच्या स्वतःच्या लक्झरी बस, पुणे-नागपूर लाइनला चालणाऱ्या. ते मात्र दुकानात गेले नाहीत. ड्रायव्हरचा पाऊण तास संपेपर्यंत बसच्या भोवती फिरत राहिले, टायर बघितले, आणि मग मला म्हणाले, "ताई, ते मशीन जरा दाखवायला सांगा त्याला." ड्रायव्हरला असं गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. त्याने बटण दाबून छापील पट्टी काढली, कागदाची बोटभर रुंद गुंडाळी उलगडत गेली. कोणत्या मिनिटाला बस चालली, कोणत्या मिनिटाला थांबली, सगळं. गृहस्थांनी ती पट्टी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. भाषा येत नव्हती, पण आकडे आणि खुणा त्यांना दोन मिनिटांत कळल्या.

"हे बंद ठेवायची काही सोय?" त्यांनी मला विचारायला लावलं. ड्रायव्हर मोठ्याने हसला. म्हणाला, लोक करतात प्रयत्न, पकडले जातात, आणि पकडलं की मालकाला दंड आणि माझी नोकरी.

मग गृहस्थांनी आपल्या लाइनचं सांगितलं. त्यांच्या बसवर दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा केबिनमागच्या बर्थवर झोपतो. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, आमच्यातही दोन ड्रायव्हरची पद्धत आहे, पण चालत्या बसमध्ये पडून राहिलेला वेळ रोजच्या विश्रांतीत धरत नाहीत. विश्रांतीला बस उभी पाहिजे. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग मला मराठीत म्हणाले, "ताई, हे मशीन आमच्या गाड्यांना बसवलं ना, तर नागपूरचं तिकीट दीडपट होईल."

"का हो?"

"दुसऱ्या ड्रायव्हरला खरोखर झोपवावं लागेल."

हे ते हसत म्हणाले, पण विनोद म्हणून म्हणाले नव्हते. पुढे त्यांनीच उलगडून सांगितलं. दुसरा ड्रायव्हर बर्थवर आडवा झाला तरी पार्सल चढवायला उठतो, ढाब्यावर उठतो, क्लीनर नसला की मागे घ्यायला उठतो. नागपूरला पोचल्यावर दिवसा शेड नसली तर बसमध्येच, उन्हात, एसी बंद करून झोपतात. सीझनमध्ये तीच जोडी त्याच रात्री परत निघते. "मी एकट्याने खोली दिली तर माझं तिकीट महाग होणार, आणि प्रवासी मोबाइलवर स्वस्त बघून दुसऱ्याची सीट बुक करणार." त्यांच्या या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. युरोपात हा प्रश्न एका मालकाच्या भलेपणावर सोडलेला नाही. यंत्र सगळ्यांना आहे, म्हणून खोलीचा खर्चही सगळ्यांच्या तिकिटात आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा आपण १९६१ साली केला, युरोपच्या त्या सामाईक नियमाच्या आठ वर्षं आधी. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टी, कामाचा पसारा बारा तासांच्या आत. लांब पल्ल्यासाठी थोडी सूट. वाचायला तो युरोपच्या नियमापेक्षा कडकच वाटतो. पण तो लागू होत असे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचे मालक, ज्यांच्या जोरावर आपलं अर्धं पर्यटन चालतं, ते त्याच्या बाहेर. आणि जे आत, त्यांच्या ड्रायव्हरचे तास मोजणारं यंत्र गाडीत नाही. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा कारणांची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. अशा प्रत्येक अपघातानंतर कुणीतरी विचारतंच, ड्रायव्हरला डुलकी लागली होती का? मागच्या काही दिवसांत तो किती तास चालवत होता आणि किती झोपला होता, हे मिनिटागणिक सांगणारी कागदाची पट्टी आपल्याकडे निघत नाही. मग माणसं अंदाजावर भांडतात.

युरोपातला ड्रायव्हर सुखात लोळतो असंही नाही. महिनेच्या महिने घराबाहेर, दर दोन आठवड्यांनी नवा ग्रुप, नवी भाषा. सकाळी पंचेचाळीस बॅगा चढवायच्या, त्यातही आपल्या लोकांच्या बॅगा. वीस किलोच्या खाली एक नाही आणि त्यातल्या निम्म्या वजनात थालीपिठाची भाजणी आणि लाडू. दोन आसांच्या बसचं सगळं भरून वजन १९.५ टनांच्या वर जाता कामा नये, म्हणून तो परतीच्या खरेदीकडे काळजीने बघत असतो. रात्री आपण झोपायला जातो तेव्हा तो बस झाडून, सीटच्या फटीतली शेव काढत असतो, आणि हेही हातोड्यातच जातं, म्हणजे त्याची विश्रांती त्यानंतर सुरू होते. म्हणून बसमध्ये खाऊ नका ही सूचना मी स्वच्छतेपेक्षा सकाळच्या वेळेसाठी देते. "तुम्ही चिवडा सांडला तर उद्या वीस मिनिटं उशिरा निघू" असं सांगितलं की ती पाळली जाते.

बाराव्या दिवशी ड्रायव्हर बदलतो तेव्हा मजा असते. पहिल्या आठवड्यात ज्यांनी त्याला आखडू ठरवलेलं असतं, त्याच काकू त्याच्या हातात राहिलेल्या बाकरवडीचा डबा देतात, फोटो काढतात, घरी बायकोला दाखव म्हणतात. तो टिपचं पाकीट मोजत नाही, डबा मात्र उघडून बघतो. दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर येतो आणि पुन्हा साडेचार तासांवर बस थांबते. पुन्हा गलका होतो, पण थोडा कमी. कुणीतरी नवशिक्याला समजावत असतं, "अहो, त्याचं कार्ड असतं. मशीन ओरडतं."

राजस्थान-केरळच्या सहली मी करते, तिथे हे मशीन नाही. तिथे ड्रायव्हर गाडीतच झोपतो, नाहीतर हॉटेलच्या मागे डॉर्मिटरीत, जिथे सीझनमध्ये तीन पाळ्यांत माणसं येऊन-जाऊन असतात. पर्यटकाला ते दिसत नाही, कारण सकाळी गाडी धुतलेली असते आणि ड्रायव्हर दारात उभा. आमच्या एका ग्रुपने उदयपूरला रात्री साडेबारापर्यंत फिरून पहाटे पाचला जोधपूरला निघायचं ठरवलं होतं, तेव्हा मी युरोपातलं गणित तिथे मांडलं. नऊ तास. कुणी रागावलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "आमच्या हे डोक्यातच आलं नाही."

डोक्यात येत नाही, हेच खरं. म्हणून कुणी मला बस ठरवायच्या आधी सल्ला विचारला, परदेशातली असो की इथली, तर मी तीन प्रश्न देते. पहिला, सहलीच्या आदल्या रात्री हा ड्रायव्हर कुठून येतोय आणि किती वाजता पोचणार? दुसरा, रात्री तो नक्की कुठे झोपणार, पत्त्यासकट? तिसरा, आमचा सगळ्यात लांबचा दिवस किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपतो, आणि त्यानंतरची सकाळ कितीची? पुशबॅक सीट, चार्जिंग पॉइंट, एसी हे सगळं नंतर.

या प्रश्नांना बसवाला काय म्हणतो त्यावरून बरंच कळतं. "त्याची काळजी तुम्ही करू नका, आमची पोरं सवयीची आहेत," असं उत्तर आलं तर मी पुढच्या नंबरला फोन लावते. पुढच्या नंबरचा भाव बहुधा जास्त असतो. तो मी ग्राहकाला कारणासकट सांगते, ड्रायव्हरच्या खोलीचे आणि जेवणाचे दरडोई किती पडतात तेही फोडून दाखवते. पैसे कमीच करायचे असतील तर एखादं ठिकाण गाळू, असं सुचवते. काही जण ठिकाण गाळतात. काही जण दुसऱ्या कंपनीकडे जातात.